वाडीची मोजणी आणि वाडीचा रस्ता

(पनवेल तालुक्यांतील एका खेड्यांत भरलेल्या पालकांच्या सभेंत तेथील शिक्षकानें केलेलें भाषण.)



मी वक्ता नव्हे. अध्यापक विद्यालयांत मला फळ्यावर सुबक अक्षर काढायला शिकविलें, सभेंत बोलायला शिकविलें नाहीं. बोलण्यांत कांहीं चुकलें तर पदरांत घ्या. आज मी रस्त्याविषयीं बोलणार आहें. मास्तरानें रस्त्याच्या भानगडींत कां पडावें, असें कोणी म्हणेल. रस्ता नसला कीं तें पहिल्यानें हजेरीपटावर दिसतें, म्हणून पडावें लागतें.

वरच्या ठाकूरवाडींतल्या आणि कातकरवाडींतल्या नऊ मुली गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेंतून सातवी पास झाल्या. आठवीला गेल्या दोघी. बाकीच्या सात कोठें आहेत, तें तुम्हांला माहीत आहे. दोघींचीं लग्नें झालीं, पांच आईबरोबर वीटभट्टीवर आहेत. त्यांतल्या एकीच्या बापाला मीं विचारलें, "पोरीला कां थांबवलंत?" तो म्हणाला, "गुरुजी, फाट्यावर सातला गाडी. तिच्यासाठीं पोर साडेपांचला निघणार. पावसांत ओढ्याला पाणी, हिंवाळ्यांत काळोख. तुमची पोर तुम्ही धाडाल काय?" मला उत्तर देतां आलें नाहीं. माझी मुलगी कॉलेजांत जाते; तिला गाडी दारासमोर मिळते.

सरकारनें मुलींसाठीं कांहींच केलें नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. खेड्यांतल्या मुलीला बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धें तिकीट झालें. पण पास हातीं घेऊन चार किलोमीटर चालल्याशिवाय जिला गाडीच दिसत नाहीं, तिनें त्या पासाचें काय करावें? वहींत खूण म्हणून ठेवावा!

आतां आपल्या तालुक्याकडे पाहा. रस्त्यांत आणि वाहनांत जेवढा पैसा गेल्या पंचवीस वर्षांत या पनवेलच्या आसपास ओतला गेला, तेवढा महाराष्ट्रांत फार थोड्या ठिकाणीं गेला असेल. पुण्याचा द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालें आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला विमानें उडूं लागलीं. शाळेच्या पटांगणांत उभीं राहून पोरें विमानें मोजतात. हीं कामें झालीं याचें मला दुःख नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांना तेथें मजुरी मिळाली, कोणाची गाडी लागली. परंतु द्रुतगति मार्गावर आणि सेतूवर आपल्या मोटारसायकलीला, रिक्षाला पाय ठेवायची बंदी आहे. आणि ज्या मुंबई-गोवा रस्त्यावरून कोंकणची रयत जाते, त्याच्या पनवेल ते इंदापूर या तुकड्याचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें. त्यानंतर किती गणपति खड्ड्यांतून गेले, तें ज्याचें त्याला ठाऊक.

पैसा कोणाचा? येथें थोडा मागचा इतिहास सांगतों, कंटाळूं नका. १८६० नंतर मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला, तो शाळांसाठीं आणि रस्त्यांसाठीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं स्वच्छ सांगितलें, कीं शिक्षणाच्या नांवावर रयतेकडून वसूल केलेला हा पैसा ज्या कामासाठीं घेतला त्या कामीं खर्च होत नाहीं. पुढें मोटारी आल्या. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं कमिटी बसली, आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागें दोन आणे रस्त्यांच्या फंडांत जाऊं लागले. १९४३ सालीं नागपुरास सगळ्या इलाख्यांचे मुख्य इंजिनीयर जमले. त्यांनीं ठरविलें, कीं लागवडीच्या मुलखांत कोणतेंही खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, आणि हें वीस वर्षांत व्हावें. वीस वर्षें १९६३ ला संपलीं.

आजही तोच प्रकार आहे. २००० सालच्या कायद्यानें पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांचा उपकर आहे. आपली भाजी बाजारांत नेणारा टेंपो तो भरतो, एस.टी. भरते, भातशेतींत चिखलणी करणारा ट्रॅक्टर भरतो. ज्या वाडीला रस्ता नाहीं, तीही मिठाच्या पुडीमागें तो भरते. याच फंडाच्या जोरावर २५ डिसेंबर २००० रोजीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली. तिचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्यें मंजूर झाला: पंचवीस हजार वस्त्या, साडेबासष्ट हजार किलोमीटर रस्ता, सत्तर हजार कोटींहून थोडा अधिक रुपया. ऐकून छाती फुलते. मग आपल्या वाड्या त्यांत कां नाहींत?

त्याचें उत्तर शोधतांना माझें मलाच सांपडलें, आणि तेंच सांगायला मी आज उभा आहें.

योजनेचा नियम असा. सपाटीच्या मुलखांत पांचशें लोकवस्ती पाहिजे. पांचव्या अनुसूचींतील आदिवासी भागांत अडीचशें पुरते. आपला रायगड जिल्हा त्या अनुसूचींत येत नाहीं. जव्हारच्या वाडीला जें अडीचशेंवर मिळतें, तें आपल्या वाडीला पांचशेंशिवाय नाहीं, मग चढ तोच असो आणि ठाकरही तोच असो. मात्र अर्ध्या किलोमीटरच्या आंतील वस्त्या एकत्र धरतां येतात, ही सोय योजनेंत पहिल्यापासून आहे. आपल्या दोन वाड्या त्या अंतरांत बसतात. ठाकूरवाडीचीं कागदावर ४३० माणसें. कातकरवाडीचीं ६१. बेरीज चौथीच्या पोरालाही येईल: ४९१. नऊ माणसें कमी पडलीं!

आतां कातकरवाडींत ६१ माणसें आहेत, हें कोणी खरें मानील काय? एकतीस घरें आहेत. पावसाळ्यांत जाऊन मोजलीं तर दीडशेंच्या आसपास माणूस भरतें. मग ६१ आंकडा कोठून आला? बंधूंनो, तो मींच लिहिला. योजनेनें धरलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे, आणि त्या जनगणनेंत या वाडीचा प्रगणक मी होतों. मोजणीचे दिवस होते ९ ते २८ फेब्रुवारी. दिवाळीनंतर कातकरी भट्टीवर जातो तो वैशाखांत परत येतो. मी गेलों तेव्हां निम्म्याहून अधिक दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. नियम असा होता, कीं त्या वीस दिवसांत जें कुटुंब एकदांही घरीं येत नाहीं, तें जेथें असेल तेथें मोजावें. मीं दारावर "घर बंद" लिहिलें, नियमाप्रमाणें कागद भरले, वेळेवर दिले. माझें काम चोख म्हणून वरिष्ठांनीं शाबासकी दिली. त्या चोख कामानें वाडीचा रस्ता गेला. मीं नियम मोडावा असें माझें म्हणणें नाहीं. पण मुकादमाकडे एक माणूस धाडून, "दोन दिवस घरीं येऊन जा" एवढें सांगणें नियमांत बसत होतें. तें मला सुचलें नाहीं.

कातकऱ्यांसाठीं आणखी एक दार होतें. १५ नोव्हेंबर २०२३ ला जनमन योजना सुरू झाली. अतिमागास आदिवासी जमातींच्या शंभर वस्तीच्या वाडीलाही तींत रस्ता मिळतो, आणि महाराष्ट्रांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी त्या जमातींत आहेत. पण एकसष्ट म्हणजे शंभर नव्हे. आणि ठाकर त्या यादींत नाहींत. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं शेजारच्या खालापूर तालुक्यांत इर्शाळवाडी दरडीखालीं गेली, ती ठाकरांचीच वाडी. वर गाडीरस्ता नव्हता; यंत्रें खालींच राहिलीं, माणसांनीं चढून जाऊन हातांनीं माती उपसली. सत्तावीस देह मिळाले, सत्तावन्न माणसें मिळालींच नाहींत. रस्ता असता तर दरड थांबली असती असें नाहीं. पण यंत्र वर पोंचलें असतें.

पुढची जनगणना २०२७ ची. माणसें मोजण्याचें काम फेब्रुवारी २०२७ मध्यें ठेवलें आहे. पुन्हां तोच महिना! म्हणून भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक घरानें आतांच मुकादमाशीं बोलून ठेवावें, कीं मोजणीच्या दिवसांत दोन दिवस आम्ही घरीं जाणार. उचल घेतांनाच हें ठरवा. उचल घेतल्यावर मुकादम ऐकत नाहीं, हें मी तुम्हांला काय सांगूं.

जमिनीचा प्रश्न निघेल. ग्रामसडक योजनेंत जमिनीच्या भरपाईला पैसा नाहीं. जमीन गांवानें द्यायची. रस्ता आंखण्यापूर्वीं इंजिनीयर, तलाठी, वनखात्याचा माणूस आणि गांवकरी यांनीं मिळून त्या वाटेवर चालत जावें, असा नियम आहे. हें चालणें कागदावर होऊं देऊं नका. मोठ्या खातेदाराचा बांध वांचवायला रस्ता वळतो आणि विधवेच्या दहा गुंठ्यांतून जातो, असें मीं पाहिलें आहे. त्या दिवशीं बायांनीं यावें, आणि पुढें चालावें.

वरचा निम्मा रस्ता वनांतून जातो. वनखातें अडवितें म्हणून आपण वीस वर्षें गप्प आहोंत. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचें कलम ३(२) पाहा. एक हेक्टरपेक्षां कमी वनजमीन रस्त्यासारख्या कामाला देतां येते. हेक्टरीं पंचाहत्तरांहून अधिक झाडें जातां कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. सहा मीटर रुंदी धरली तर सोळाशें मीटरांहून थोडा अधिक रस्ता होतो. आपली वनांतली वाट माझ्या पावलांनीं चौदाशें मीटर भरते. पावलें खोटीं असूं शकतात, म्हणून टेपानें मोजायची आहे.

आणि रस्ता झाला म्हणजे संपलें नाहीं. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, आतांच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. निघाली, खाजगी मोटारवाल्याच्या मर्जीवर टपावर बसणारा कुणबी त्या दिवशीं तिकीट घेऊन आंत बसला. दिल्लीची योजना डांबर देते, गाडी देत नाहीं. मागें एका आगारांत मी अर्ज घेऊन गेलों, तर साहेबांनीं विचारलें, "वर गाडी वळणार कोठें?" प्रश्न बरोबर होता. तीन-पावणेचार मीटरांच्या डांबरावर एस.टी. वळत नाहीं. तेव्हां आंखणीच्या वेळींच वाडीच्या तोंडाशीं गाडी वळण्यापुरती जागा सोडली पाहिजे. शाळेच्या वेळेची एक सकाळची आणि एक सांजेची, अशा दोन फेऱ्यांचा ठराव त्याच ग्रामसभेंत करून घ्या. मजकूर मीं लिहून आणला आहे, सरपंचताईंकडे देतों.

येत्या रविवारीं सकाळीं सात वाजतां शाळेपाशीं जमायचें. टेप माझ्याजवळ आहे, पन्नास मीटरांचा. तो धरायला दोन माणसें आणि झाडें मोजायला चार पोरें लागतील. कातकरवाडीची घरोघर यादीही त्याच दिवशीं करूं, आणि ती मी एकट्यानें लिहिणार नाहीं. वाडींतल्या कोणीतरी माझ्याशेजारीं बसावें.