भाड्याचं घर, गॅस डिटेक्टर आणि ओट्यावरचा प्लग

आजचा विषय आहे गॅस लीक डिटेक्टर. ते छोटं पांढरं डबडं, गॅस गळला की किंचाळणारं. पुण्यातलं माझं हे तिसरं भाड्याचं घर. दर वेळी स्वयंपाकघर वेगळं, आणि या वेळी तर गॅसही वेगळा. त्यामुळे ही वस्तू नुसते स्टार बघून घ्यायची नाही, असं माझं ठाम मत झालंय.

आधी घरात कुठला गॅस आहे ते बघा. लाल सिलिंडर म्हणजे एलपीजी, प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की खाली बसतो, फरशीवर पसरतो, ओट्याखाली नि ट्रॉलीमागे साठतो. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे वर जातो, छताशी जमतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर लावायचा, आणि पीएनजीचा छताच्या फूटभर खाली. खोक्यावर कुठल्या गॅससाठी आहे ते लिहिलेलं नसेल तर परत ठेवून द्या.

आता गंमत बघा. स्वयंपाकघरातले प्लग कुठे असतात? ओट्याच्या वर, मिक्सरसाठी. आणि बाजारातले बरेच डिटेक्टर थेट प्लगमध्ये खोचायचे. म्हणजे सिलिंडर खाली, डिटेक्टर छातीच्या उंचीवर! हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. चांगल्या डिटेक्टरने याच्या कितीतरी आधी ओरडायला हवं. युरोपातलं ईएन ५०१९४ हे मानक सांगतं की त्या पातळीच्या २० टक्के गाठायच्या आत अलार्म वाजला पाहिजे. पण गॅस खाली आणि सेन्सर वर असेल, तर मानक काय करणार?

म्हणून लांब वायरचं मॉडेल घ्या. ड्रिल मारलं की मालक डिपॉझिटमधून कापतात, तर डबल साइड टेपने भिंतीला चिकटवा. फक्त सिंकखाली किंवा फरशी धुताना पाणी उडेल तिथे नको.

जरा इंजिनिअरगिरी करतो, सहन करा. स्वस्त डिटेक्टरमध्ये बहुतेक टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो. कॉलेजात आर्डुइनोला जोडायचो ना, एमक्यू-६, एमक्यू-४, त्याच घराण्यातला. तो सतत तापवत ठेवावा लागतो, म्हणून विजेवर चालतो. लाइट गेली की डबडं आंधळं. इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर उत्तम. डिओ, सॅनिटायझर यांनीही हा सेन्सर फसतो, त्यामुळे कधीकधी उगाच वाजेल. आणि तो म्हातारा होतो. किती वर्षांनी बदलायचा ते माहितीपत्रकात असतं, उत्पादनाची तारीख बघूनच घ्या. टेस्टचं बटण दाबून आवाज आला, तर बऱ्याचदा एवढंच कळतं की भोंगा शाबूत आहे.

वायफायवाला घ्यावा का? मी नाही घेतला. मी हिंजवडीत, घर कोथरूडला, संध्याकाळी सहा वाजता नोटिफिकेशन आलं तर मी काय उडत जाऊ? मोठा आवाज महत्त्वाचा. शेजारी किल्ली ठेवत असाल तर मात्र विचार करा.

अजून एक. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हा डिटेक्टर तिथे काही कामाचा नाही. तिथला धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याचा डिटेक्टर वेगळा मिळतो. पण खरं सांगू? बंद बाथरूममधला गॅस गीझर मालकाकडून बाहेर काढून घ्या. नाही म्हणाले तर दुसरं घर बघा. यात मी तडजोड करणार नाही.

डिटेक्टर लावला त्या दिवशी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, “वाजला की बटण बंद करायचं ना?” घरात सगळ्यात जास्त वेळ गॅसपाशी त्याच असतात, आणि आम्ही त्यांना काही सांगितलंच नव्हतं. मग रूममेट आणि मी, दोघांनी मिळून त्यांना समजावलं. कुठलंच बटण नाही. चालू असलेलं बंद करायचं नाही, बंद असलेलं चालू करायचं नाही, एक्झॉस्ट फॅनही नाही. डिटेक्टरचा प्लगसुद्धा ओढायचा नाही, तिथेच ठिणगी पडू शकते. शेगडी पेटलेली असेल तर विझवायची, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर पडायचं. फोन बाहेर जाऊन. एलपीजीसाठी १९०६, चोवीस तास. पीएनजी असेल तर शेगडीजवळचा कॉक बंद करायचा, आणि कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो.

मावशी म्हणाल्या, “हे मोठ्या अक्षरात लिहून दाराला लाव.” लावलंय. १९०६ लाल स्केचपेनने.