दोष शोधण्याची विद्या

बंगळूरच्या आग्नेयेस, आगर तलावाजवळ, एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून तिला हे नाव मिळाले. संगणकाच्या व्यवसायातील अनेक नव्या कंपन्या येथे नांदतात. त्यांची यंत्रे अडली म्हणजे ज्याला हाक मारली जाते, त्या दुरुस्ती करणाऱ्याची आठवण मात्र एरवी फारशी कोणाला होत नाही. त्याच्या व्यवसायाचा उंबरठा म्हणजे १९९३ साली सुरू झालेली ‘कॉम्पटिया ए प्लस’ ही परीक्षा होय.

तिच्या दोन प्रश्नपत्रिका असतात; प्रत्येकीस ९० मिनिटे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. ९०० पैकी पहिलीत ६७५ आणि दुसरीत ७०० गुण मिळाल्यावाचून यश नाही. मराठी माध्यमातून शिकून येथे आलेल्या तरुणास प्रथम इंग्रजीचे भय वाटते, आणि तो पाठांतराचा आश्रय घेतो. सुरक्षित संकेतस्थळाचे पोर्ट ४४३, दूरस्थ नियंत्रणाचे ३३८९, हे त्याला पाठ होते. कोणी त्याला जुन्या प्रश्नांचे चोरटे गठ्ठेही देऊ करतो.

परंतु पाठांतर कोठवर पुरणार? पंखा फिरतो आहे, पडदा मात्र काळाच आहे, अशा वेळी पाठांतर करणारा नवा पडदा विकत आणावयास सांगतो. ज्याने एस. पी. रोडच्या बाजारातून जुने भाग आणून ते स्वतःच्या हातांनी जोडले आहेत, तो आधी विचारतो, “काल या यंत्रात काय बदल केला होता?” स्मृतिपट्टी सैल बसली आहे, हे त्याच्या ध्यानी येते, ती नीट बसविताच पडदा उजळतो.

या परीक्षेने सांगितलेला क्रमही हाच आहे: दोष ओळखावा, कारणाचा तर्क करावा, तो पडताळावा, उपाय योजावा, सर्व कार्य सुरळीत चालते की नाही हे पाहावे, आणि शेवटी केलेले काम लिहून ठेवावे. बदल करण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवावी, हाही तिचाच दंडक. एखाद्या दवाखान्याच्या यंत्रात रुग्णांची वर्षानुवर्षांची टिपणे असतात. उतावळ्या हाताने ती पुसली गेली, तर कोणतेही प्रमाणपत्र ती परत आणू शकत नाही.

म्हणून चोरट्या गठ्ठ्यावर उत्तीर्ण होणारा फसवितो तो परीक्षकाला नव्हे. उद्या विश्वासाने आपले यंत्र त्याच्या हाती देणाऱ्या माणसाला.