कावळा, चिमणी आणि खुलभर दूध

(कार्यकर्त्यांच्या वाचन-शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'रूपककथा आणि आपण' हा विषय मला दिला, तेव्हा मी जरा दचकलेच. मी काही साहित्याची अभ्यासक नाही. पण गेली बरीच वर्षं वस्त्यांमधल्या आणि गावांमधल्या गटांत मी गोष्टी सांगते, वाचून दाखवते आणि त्यावर बायका काय बोलतात ते वहीत टिपून ठेवते. त्या वहीतलंच थोडं आज सांगणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

एका वस्तीत आम्ही चिमणी-कावळ्याची गोष्ट घेतली होती. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार ठोठावतो आणि चिमणी आतून एकेक कारण सांगत राहते. बाळाला अंघोळ घालायची आहे, तीट लावायची आहे, निजवायचं आहे. मी ठरवूनच गेले होते की 'घरकाम कधी संपत नाही' हा मुद्दा यातून काढायचा. 'चिमणा कुठे गेलाय?' असं विचारायचं, बायका हसतील, मग चर्चा सुरू. झालंही तसंच. तेवढ्यात मागे बसलेली एक जण म्हणाली, "चिमणी लबाड आहे. पाऊस पडतोय हे तिला ऐकू येत नव्हतं का?"

मी म्हटलं, "अहो, पण तिच्या हाताला काम किती आहे बघा."

"कडी काढायला किती वेळ लागतो?"

मग मी तिला समजावून सांगितलं की गोष्टीचा अर्थ तसा नाही. ती गप्प बसली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही आणि नंतर गटच सोडून गेली. शेजारणीकडून कळलं, नवऱ्यानं तिला ऐन पावसाळ्यात रात्री घराबाहेर काढलं होतं. तिनं चाळीतल्या चार घरांची दारं वाजवली. चारही घरांतून कारणंच ऐकू आली. ती हेच आम्हाला सांगू पाहत होती आणि मी तिला गोष्ट 'नीट' समजावून देत होते.

आपण शाळेच्या पुस्तकावर वाढलो. गोष्ट संपली की खाली तात्पर्य. चळवळीत आल्यावर आपण ते जुनं तात्पर्य खोडलं, ठीकच केलं. पण त्या जागी लगेच आपलं लिहून टाकलं. ऐकणारीसाठी जागा तेव्हाही नव्हती, आताही नाही. ती लाजतबुजत काहीतरी वेगळंच बोलली की आपल्याला वाटतं, हिला समजलं नाही.

आणि हे फक्त वस्तीतल्या बायकांचं नाही. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजीत लिहिलेली कथा १९०५ साली मद्रासच्या एका बायकांच्या मासिकात आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात, घरकामाला आणि मुलं सांभाळायला; आणि बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. रुकैयांचे पती फिरतीवर होते, तेव्हा वेळ जावा म्हणून त्यांनी ती लिहिली. पतीनं परत आल्यावर ती उभ्या-उभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असा शेरा दिला. पत्नीच्या शिक्षणाला पाठिंबा देणारा माणूस होता तो, तरी त्याला आधी दिसला तो सूड.

मी ही कथा मराठीत सांगते, तेव्हा कॉलेजच्या मुली टाळ्या वाजवतात. बुरखा घालणाऱ्या बायकांच्या एका गटात मात्र मला थट्टा समजावून सांगावी लागलीच नाही. पुरुषांच्या कोठडीचं नाव काढताच त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या एका ठिकाणी तीन मुलगे असलेली बाई अस्वस्थ झाली. म्हणाली, "म्हणजे माझी तिन्ही पोरं आत? मग मी कुणाच्या बाजूनं?" त्यावर आम्ही तासभर बोललो. मुलगे वाढवण्याबद्दल इतकं मनापासून बोलणं आमच्या ठरवून घेतलेल्या सत्रात कधी झालं नव्हतं.

आता खुलभर दुधाची कहाणी. श्रावणी सोमवारची व्रताची कहाणी शिबिरात कशाला, यावर आमच्यातच वाद झाला होता. शेवटी घेतली. तुम्हाला ती पाठ असेल. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे. दवंडी पिटते, घरातलं सगळं दूध देवळात आणा. भीतीपोटी लोक वासरांना, पोरांना थेंब न ठेवता ओततात. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं आधी घरातली पोरंबाळं, लेकीसुना, गाईवासरं तृप्त केलेली असतात. उरलेलं खुलभर दूध ती वाहते आणि गाभारा भरतो.

दुधाच्या पट्ट्यातलं गाव होतं. एक बाई लगेच म्हणाली, "आमच्याकडं हा राजा रोज दोनदा दवंडी पिटतो, सकाळी आणि संध्याकाळी." सगळ्या हसल्या. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची ती बाईनं. डेअरीचं पुस्तक नवऱ्याच्या नावावर, दहा दिवसांचा दुधाचा पगार त्याच्या हातात. पोरासाठी तांब्याभर मागे ठेवलं तर 'आज माप कमी का भरलं' ही चौकशी. हे बोलणं आमच्या प्रश्नावलीत कधी आलं नव्हतं. तिथे आम्ही 'घरात दूध पुरेसं मिळतं का?' असं विचारलं होतं आणि बहुतेकींनी 'हो' सांगितलं होतं.

एका सासूला म्हातारी फार आवडली. भांडण नाही, तंटा नाही, राजाचा हुकूमही मोडला आणि गाभाराही भरला. तिचीच सून शेजारी बसली होती. ती खाली बघत म्हणाली, "म्हातारी होती म्हणून जमलं. सुनेनं दूध मागं ठेवलं असतं तर राजाच्या आधी सासूनंच धरलं असतं." खोलीत एकदम शांतता. मग सासूच हसली, म्हणून निभावलं.

नाशिककडची एक कार्यकर्ती वेगळ्याच ठिकाणी अडली. "ही म्हातारी कुठल्या जातीची? गाभाऱ्यापर्यंत गेलीच कशी?" काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि पाच वर्षं चालला; बायकाही त्यात होत्या. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना ही कहाणी दाराशीच अडवते. माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं, कारण मला कधी कुठल्या देवळात कुणी अडवलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, मग सगळेच अर्थ बरोबर का? आपली काही भूमिका नाही का? आहे. त्याच शिबिरात एक जण म्हणाली, "बाईचा जन्मच वाढण्यासाठी, देवालाही तेच आवडतं, हेच कहाणी सांगते." हे मला मान्य नाही आणि मी तसं बोलणार होते. यावेळी थोडी थांबले, एवढंच. तेवढ्यात कोपऱ्यातून एका वयस्क शेतमजूर बाईनं विचारलं, "सगळ्यांना दिलं, देवालाही दिलं. म्हातारीनं स्वतः काय खाल्लं?"

आम्ही पोथी काढून पुन्हा वाचली. पोरं आहेत, सुना आहेत, वासरं आहेत, देव आहे. म्हातारीच्या पोटात काय गेलं, ते आमच्या पोथीत कुठेच नव्हतं. त्या रात्री दिवे मालवल्यावरही सतरंज्यांवर कुजबुज चालू होती. बायका एकमेकींना विचारत होत्या, आज घरून निघताना तू काय खाऊन निघालीस?