सामू कळला, साठा कळला का?

बफर, म्हणजे सामू टिकवून धरणाऱ्या, द्रावणाचा सामू काढायचं सूत्र बारावीच्या मुलांना तोंडपाठ असतं. पीकेए म्हणजे आम्लाच्या तीव्रतेचा आकडा; त्यात क्षार आणि आम्ल यांच्या प्रमाणाचा लॉग मिळवला की उत्तर येतं आणि विषय मिटतो. माझी तक्रार इथंच आहे. त्या उत्तरात प्रमाण दिसतं, साठा दिसत नाही. लिटरभर पाण्यात ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट 0.1-0.1 मोल घ्या, नाहीतर 0.01-0.01 घ्या, सामू 4.76च. दोन्हींत 0.005 मोल तीव्र आम्ल टाका, मग बघा. पहिल्याचा सामू 4.72 होतो, दुसऱ्याचा थेट 4.28. समजा, एका घरात दहा पायल्या ज्वारी नि दहा पायल्या पीठ आहे, दुसऱ्यात एकेक पायली. दोघांनी अर्धी-अर्धी पायली दळून आणली. पहिल्या घरात फरक ध्यानातही येणार नाही; दुसऱ्यात मात्र ज्वारीच्या तिप्पट पीठ! ज्वारी म्हणजे ॲसिटेट, पीठ म्हणजे ॲसिटिक आम्ल, आणि टाकलेलं तीव्र आम्ल म्हणजे हे दळण. सामू प्रमाणावरून कळतो, टिकाव साठ्यावरून.

वसमत भागातल्या चुनखडीच्या काळ्या रानात साठ्याचं हेच गणित चालतं; तिथं साठा चुनखडीचा. हळदीची, सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. सामू जास्त असल्यानं लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मग सामू उतरवायला एकरी 10 किलो गंधक टाकलं जातं. कोणी म्हणेल, गंधकाचं आम्ल होतंच की. होतं ना! पण 32 किलो गंधक 100 किलो चुनखडी संपवतं. एकराची वरची वीतभर माती धरा सुमारे 9 लाख किलो. तिच्यात चुनखडी एकच टक्का असली, तरी झाली 9 टन. ती संपवायला जवळजवळ 29 क्विंटल गंधक हवं. तुमच्या 10 किलोनं जेमतेम 31 किलो चुनखडी जाईल. चुनखडीची कणगी भरलेलीच, आणि ती भरलेली आहे तोवर सामू हलत नाही. म्हणजे गंधक वाया का? तसं नव्हे. पिकाला अन्न म्हणून ते लागतंच, ओळीत दिलं तर मुळांजवळ थोडा फरकही पडतो. सगळ्या रानाचा सामू त्यानं उतरेल, ही आशा तेवढी सोडा.

मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 बाबींत सामू आहे, मुक्त चुनखडी नाही. ती तपासणी प्रयोगशाळेत मागून घ्या, बाबांनो. पुन्हा सांगतो, नुसत्या सामूवर खर्च ठरवू नका. पिवळ्या पानांना फेरस सल्फेटची फवारणी कामी येते; तिचं प्रमाण, वेळ... पण घड्याळ थांबत नाही, ते पुढच्या खेपेला.