परसबाग : निरीक्षणाची पाठशाळा



न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू व केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर दुधीचा वेल, हे आपल्या खेड्यांतील परसबागेचे परिचित रूप आहे. घरच्या भाजीची सोय म्हणून तिचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. परंतु लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या शिक्षकाला, अधिकाऱ्याला वा पंचायत सदस्याला ती आणखी एक गोष्ट शिकविते. ती म्हणजे उपाय योजण्यापूर्वी नीट पाहणे.

दुधीचेच उदाहरण घ्या. वेल मांडवावर चढतो, पांढरी फुले येतात आणि एकही फळ न धरता गळून पडतात. घरातील मंडळी निराश होतात. कोणी खत वाढवितो, कोणी औषध फवारतो. वस्तुतः वेलाला काहीच झालेले नसते. दुधीची नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि बहुधा नर फुले आधी येतात. जिच्याखाली इवलासा दुधी दिसतो ती मादी फुले काही दिवसांनी येतात. शिवाय ही फुले सायंकाळी उमलतात आणि रात्री फिरणारे पतंग त्यांचे परागीभवन करतात. सकाळी फवारा घेऊन येणाऱ्याच्या दृष्टीस यातले काहीच पडत नाही.

सार्वजनिक कामातही असेच घडते. भर दुपारी, माणसे शेतावर असताना, गावाला भेट द्यावयाची आणि ‘लोकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा लिहावयाचा, हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष गावाचा की भेटीच्या वेळेचा, हे आधी तपासले पाहिजे.

दुसरे उदाहरण चवळीवरील माव्याचे. मावा पडला की त्याच्यामागोमाग ढालकिडा येतो. त्याची अळी काळपट व खरबरीत असते. तिलाच कीड समजून अनेकजण चिरडून टाकतात. प्रत्यक्षात ती मावा खाऊन पिकाचे रक्षण करीत असते. ग्रामसभेत उठून हिशेब विचारणारा माणूसही पुष्कळदा असाच उपद्रवी वाटतो. त्याला गप्प बसविण्यापूर्वी तो कशावर बोट ठेवीत आहे, हे पाहणे गावाच्या हिताचे असते.

मात्र निरीक्षण म्हणजे निष्क्रियता नव्हे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर तो केवडा रोग होय. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते आणि रोगट झाड बरे होत नाही. ते तत्काळ उपटून नष्ट करावे लागते. केव्हा थांबावे व केव्हा त्वरा करावी, याचा विवेक रोजच्या पाहण्यातूनच येतो.

अशा पाहण्याला किती धीर लागतो, हे चार्ल्स डार्विन यांच्या एका प्रयोगावरून दिसते. गांडुळांचे काम पाहण्यासाठी त्यांनी १८४२ साली इंग्लंडमधील आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरविले. २९ वर्षांनी, १८७१ साली, तेथे चर खणला तेव्हा तो थर सुमारे सात इंच खाली गेलेला आढळला. गांडुळांनी कणाकणाने वर आणलेल्या मातीने तो झाकला होता. हे सारे त्यांनी १८८१ साली ग्रंथरूपाने मांडले.

आपल्याकडे १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात उत्साहाने रोपे लावली जातात व त्यांची संख्या नोंदली जाते. परंतु लावलेले रोप आणि जगलेले झाड यांत दोन उन्हाळ्यांचे अंतर असते. खरी मोजणी दुसऱ्या उन्हाळ्यानंतर व्हावयास हवी.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक शाळेने परसबागेची एक साधी वही ठेवावी. पेरणी कधी झाली, पहिले फूल कधी आले, कोणते कीटक दिसले, कोणते रोप वाळले व का, हे मुलांनी स्वतः पाहून लिहावे. जे वाळले त्याचीही नोंद प्रामाणिकपणे व्हावी. आज ही वही खरी लिहिणारी मुलेच उद्या गावचे दप्तर सांभाळणार आहेत. म्हणून या छोट्या कामाकडे शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अवश्य लक्ष द्यावे.