धान घरात आले, चला नागपूरला



धानाची मळणी आटोपली, मोहफुलाला अजून वेळ आहे. म्हणून आमच्या बचत गटातल्या बाया या शनिवारी-रविवारी उपराजधानी नागपूर पाहायला निघालो आहोत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्च झेपतो.

शनिवारी दुपारी अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी ते बंद असते, हे ध्यानात ठेवा. रविवारी सकाळी दीक्षाभूमी. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली ती ही जागा. अन् हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने. सोबतच्या लेकींना हे आवर्जून सांगणार आहोत.

पण बेत करताना आम्ही सगळ्यांत आधी परतीची गाडी ठरवली. फाट्यापासून गावापर्यंत जंगलातली पायवाट आहे, आणि सांज म्हणजे वाघाची वेळ. म्हणून रविवारी दुपारी बाराच्या आत नागपूर सोडायचे. एखादे ठिकाण राहिले तर राहू द्या. तरीही उशीर झालाच, तर फाट्यावरच्या गावात मुक्काम करायचा. तिथल्या गटाशी तसे बोलून ठेवले आहे. घरीही सांगितले आहे, रात्री आलो नाही तर शोधायला जंगलात निघू नका.

मैत्रिणींनो, तुम्हीही जा, पण दिवस मावळायच्या आत घरी पोचाल असाच बेत करा.