अळवाचं पान आणि आपली कापडी पिशवी



अळवाच्या पानावर पाणी टाकलं की त्याचे मोती होतात आणि घरंगळून जातात. पानावर अगदी बारीक उंचवटे असतात आणि वर मेणाचा पातळ थर. मेणाला पाण्याचं वावडं. थेंब उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो, खाली हवा राहते, म्हणून तो पसरत नाही. कमळाच्या पानाचंही तसंच.

सुती कापड याच्या उलट. धाग्याला पाण्याची ओढ, म्हणून पिशवी लगेच भिजते. पण धाग्याचा हा स्वभाव घरातल्या दोन वस्तूंनी बदलता येतो: साबण आणि तुरटी.

एक लिटर गरम पाण्यात साधारण ५० ग्रॅम कपड्यांचा साबण किसून विरघळवा. साबण तेलापासून बनवलेलाच हवा. डिटर्जंटची वडी किंवा पावडर चालत नाही. कापड त्यात पूर्ण भिजवून पिळा. मग दुसऱ्या लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम तुरटी विरघळवून कापड त्यात बुडवा, पिळा, वाळवा.

होतं काय? साबणातला तेलाचा अंश आणि तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एकत्र येऊन पाण्यात न विरघळणारा मेणचट पदार्थ तयार होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता चिकट साका धरतो ना, त्याचाच हा भाऊबंद. तो धाग्यांवर बसतो. विणीतली छिद्रं मात्र उघडी राहतात, म्हणून कापडातून हवा खेळते.

याच छिद्रांमुळे मर्यादाही आहे. शिंतोडे, रिमझिम थांबेल. धो धो पावसात पाणी आत येईल. साबणाने धुतल्यावर गुण कमी होतो, पुन्हा बुडवावं लागतं. म्हणून पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहू नका. ‘शिंतोडे झेलणारी’ म्हणा. गिऱ्हाईकाची वही एकदा भिजली, तर ते परत आपल्या गटाकडे येणार नाही.

बाजारात तयार फवारेही मिळतात. त्यातल्या काहींत फ्लोरिनची रसायनं असतात. ती माती-पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. त्यातल्या पीएफओए या रसायनाचं नाव २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत आलं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

आधी चिंधीवर करून बघा. वाळल्यावर चार थेंब टाका. थेंब गोल राहिला तर जमलं. पसरला तर साबण बदलून बघा. ती चिंधी पुढच्या बैठकीला घेऊन या, सगळ्यांना दाखवा, आणि मगच ऑर्डर घ्या.